शेजारच्या घरातला आवाज भिंतीतून येतोय? आधी त्याची वाट शोधा

फ्लॅटमध्ये आपल्या पलंगाच्या डोक्याशी असलेली भिंत बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या हॉलची असते आणि त्यांचा टीव्ही नेमका त्याच भिंतीवर टांगलेला असतो. रात्री साडेदहाला मालिकेतले संवाद शब्दन् शब्द कळायला लागले की माणूस वैतागून फोमचे काळे चौकोन मागवतो, रविवारी बसून भिंतभर चिकटवतो आणि रात्री पुन्हा तेच संवाद ऐकतो. ही फरफट वाचावी म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. पुणे, ठाणे, मुंबईकडच्या नेहमीच्या आरसीसी इमारतीतला फ्लॅट मी समोर ठेवला आहे. कामाचा क्रम मात्र पाळा. स्वस्तातली कामं आधी येतात आणि पुष्कळ घरांत तेवढ्यावरच भागतं.

भिंत कशाची आहे ते बघा

समाईक भिंत साधारण तीन प्रकारची निघते. जुन्या इमारतींत लाल विटेची चार इंची किंवा नऊ इंची. गेल्या काही वर्षांतल्या बांधकामात पांढऱ्या-करड्या हलक्या ब्लॉकची, म्हणजे एएसी ब्लॉकची. आणि मायवान पद्धतीच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या) टॉवरमध्ये सरळ काँक्रीटची. ओळखायला सोपं आहे. पडद्याच्या रॉडसाठी कधी ड्रिल मारलं असेल तर भुकटीचा रंग आठवा: लाल म्हणजे वीट, पांढरट आणि खडूसारखी मऊ म्हणजे एएसी, करडी आणि ड्रिल जाता जात नव्हतं म्हणजे काँक्रीट.

याला महत्त्व का, तर हवेतून येणारा आवाज भिंत अडवते ती मुख्यतः आपल्या वजनावर. लाल विटेचं बांधकाम घनमीटरला सुमारे १९०० किलो भरतं, काँक्रीट २४०० आणि एएसी जेमतेम ६०० ते ६५०. वजन दुप्पट केलं की साधारण ५ ते ६ डेसिबल (आवाज मोजायचं माप) जास्त अडतात. दोन्ही बाजूंनी नीट गिलावा केलेली चार इंची विटेची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडवते, नऊ इंची सुमारे ५०. चार इंची एएसीची भिंत चाळिशीच्या आतबाहेर राहते. कानाच्या हिशेबात सांगायचं तर ३ डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो आणि १० डेसिबल कमी झाले की आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो.

आता एक वजाबाकी करा. घरात बसून साधं बोलणं सुमारे ६० डेसिबलचं असतं. भिंत ४५ अडवत असेल तर पलीकडे १५ उरतात, म्हणजे रात्रीच्या शांत खोलीतही ते ऐकू येता कामा नये. तरीही विटेच्या भिंतीतून शेजाऱ्यांचं साधं बोलणं शब्दांसकट कळत असेल, तर आवाज भिंतीतून येतच नाहीये. तो कुठल्या तरी फटीतून किंवा बाजूच्या वाटेने येतोय. मोठ्याने लावलेला टीव्ही मात्र ७०-७५ डेसिबलपर्यंत जातो, तो धडधाकट भिंतीतूनही पुसट येणारच.

आवाज येतो कुठून

आवाज दोन जातींचे. बोलणं, टीव्ही, गाणी हे हवेतून येऊन भिंतीवर आदळतात. मिक्सर, खलबत्ता, खुर्ची सरकवणं, कपाटाचं दार आपटणं हे थेट बांधकामाला धक्का देतात आणि स्लॅब-बीममधून लांबवर जातात. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे असल्यामुळे आधी एक यादी करा: कोणता आवाज, किती वाजता, कुठल्या खोलीत. चार-पाच दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

मग शेजाऱ्यांची मदत मागा. तक्रार घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. "काका, आमच्याकडे भिंतीतून आवाज येतोय, नेमका कुठून ते शोधतोय. दहा मिनिटं तुमचा टीव्ही रोजच्यासारखा लावून ठेवाल का?" समोरून पुष्कळदा "अहो, आम्हालाही तुमचा मिक्सर ऐकू येतो" असं उत्तर येतं. ते आलं की पुढचं सगळंच सोपं होतं, कारण गरज आता दोघांची असते.

टीव्ही चालू असताना आपल्या खोलीतले पंखे बंद करा आणि एका कानात बोट घालून दुसरा कान भिंतीपासून इंचभर ठेवून हळूहळू सरका. भिंतीच्या मध्यावर, मग कोपऱ्यांत, बीमखालच्या रेषेवर (स्टुलावर चढून), प्रत्येक स्विचबोर्डपाशी, एसीच्या पाइपच्या भोकापाशी, खिडकीपाशी, मुख्य दाराच्या फटीपाशी. जिथे आवाज एकदम उघडा, करकरीत होतो, तिथे पेन्सिलने खूण करा. भिंतीवर सगळीकडे सारखाच दबका आवाज येत असेल तर भिंतच अपुरी आहे.

दुसरी चाचणी उदबत्तीची. सगळ्या खिडक्या-दारं बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा आणि पेटती उदबत्ती त्या खुणांपाशी धरा. एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर ओढतो, त्यामुळे फटींतून हवा आत शिरते. धूर सरळ वर न जाता आतल्या बाजूला वळला की फट आरपार आहे. वारा जिथून येतो तिथून आवाजही येतो.

फटी बुजवणे: सगळ्यात जास्त फळ देणारं काम

एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का भाग उघडा असेल तर ती भिंत कितीही जाड असो, एकूण २० डेसिबलच्या वर अडवू शकत नाही. हजारात एक भाग उघडा असेल तर मर्यादा ३० डेसिबल. दहा बाय दहा फुटांच्या भिंतीचा हजारावा भाग म्हणजे सुमारे साडेतीन बाय चार इंच. तेवढं भोक सापडणं अवघड नाही, ते बहुतेक घरांत असतं.

पहिली जागा स्विचबोर्डची. कन्सिल्ड वायरिंगसाठी चार इंची भिंतीत दीड-दोन इंच खोल लोखंडी बॉक्स बसवतात. दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून आले तर मध्ये काहीच उरत नाही. एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून बोर्डाची प्लेट काढा. खोलीतला दिवा मालवून आत बघितलं तर कधी कधी वायरिंगच्या भोकांतून पलीकडच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसतो. असं असेल तर इलेक्ट्रिशियन आणि गवंडी दोघांना एकदम बोलवा. बॉक्स काढून मागे किमान इंचभर सिमेंट मॉर्टर भरायचं आणि कमी खोलीचा बॉक्स बसवायचा. त्याहून चांगलं म्हणजे आपला बोर्ड फूटभर बाजूला सरकवून जुना खड्डा पूर्ण भरून टाकायचा. पाइपची तोंडं वायर ओढून झाल्यावर सीलंटने बंद करायची. वीज चालू असलेल्या बॉक्समध्ये स्वतः काहीही कोंबू नका.

दुसरी जागा बीमखालची. वीटकाम बीमला भिडतं तिथला शेवटचा थर गवंड्याला उभं राहून नीट ठासता येत नाही. शिवाय भिंत वाळताना किंचित आक्रसते. त्यामुळे तिथे आडवी बारीक चीर असते, वर पुट्टी आणि रंग असल्यामुळे ती दिसत नाही. माळ्याच्या आत आणि फॉल्स सीलिंगच्या वर तर कित्येक ठिकाणी गिलावाच केलेला नसतो, उघड्या विटा आणि त्यांमधले सांधे तसेच असतात. टॉर्च घेऊन माळ्यात शिरून एकदा बघाच. उघडी वीट सापडली तर तेवढ्या भागाला गिलावा करून घ्या.

चीर भरताना नुसती पुट्टी वापरू नका, दोन उन्हाळ्यांत ती पुन्हा उलते. चीर व्ही आकारात थोडी मोकळी करून, धूळ ब्रशने झाडून, आत फोमची गोल दोरी (दुकानात बॅकर रॉड म्हणून मागा) दाबायची आणि वरून रंग देता येणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरायचं. ते रबरासारखं ताणतं, त्यामुळे भिंत हलली तरी सुटत नाही. अर्ध्या इंचाहून रुंद पोकळी असेल तर पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर ठासून भरा आणि कडेला सीलंट द्या. नळकांड्यातून फुगून येणारा पीयू फोम गवंडी-सुतारांचा लाडका आहे, पण तो हलका आणि सच्छिद्र असतो, एकट्याने आवाज फारसा अडवत नाही. आत भरायला चालेल, वर मॉर्टर किंवा सीलंट हवंच.

एसीचे तांब्याचे पाइप, डिशची केबल, इंटरनेटची वायर यांची भोकंही अशीच बुजवा. हे सगळं काम दोन दिवसांचं आहे. ते झाल्यावर पुन्हा दहा मिनिटांची टीव्ही चाचणी करा आणि मगच पुढच्या खर्चाचा विचार करा.

दार आणि खिडकी

शेजाऱ्यांच्या मुख्य दारातून पॅसेजमध्ये आणि तिथून आपल्या दाराखालून आत, ही वाट लोक विसरतात. दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी रबरी गॅस्केट आणि खाली दार लावल्यावर आपोआप उतरणारी पट्टी बसवली की पॅसेजमधला गलका पुष्कळ कमी होतो. दार ठोकून पोकळ वाजत असेल तर भरीव फ्लश डोअर घ्यावं लागेल. सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडक्यांमधल्या केसाळ पट्ट्या काही वर्षांत झिजतात. त्या कोणताही खिडकीवाला बदलून देतो. दोन्ही घरांच्या बाल्कन्या लागून असतील तर भिंतीवर खर्च करण्याआधी खिडकी बंद ठेवून किती फरक पडतो ते पाहा.

धक्क्याचा आवाज उगमापाशीच थांबतो

मिक्सर ज्या ओट्यावर असतो तो कडप्पा किंवा ग्रॅनाइट समाईक भिंतीत रुतवलेला असतो. मिक्सरची थरथर ओट्यातून सरळ भिंतीत उतरते आणि पलीकडची अख्खी भिंत वाजते. आपण आपल्या बाजूला काहीही लावलं तरी यात थोडाच फरक पडतो. शेजाऱ्यांच्या मिक्सरखाली दहा मिलिमीटर जाड रबराचा तुकडा ठेवला तर मात्र फरक लगेच कळतो. हा तुकडा आपणच आणून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च किरकोळ आहे आणि झोप आपली आहे. एक तुकडा आपल्याही मिक्सरखाली ठेवावा आणि मिक्सर टाइल्सपासून दोन इंच सुटा ठेवावा.

घरघंटी आणि वॉशिंग मशीन भिंतीला टेकता कामा नये. पाय समतल आहेत का ते पाण्याच्या लेव्हलने बघा, खाली रबरी पॅड द्या. खलबत्त्याखाली गोणपाटाची जाड घडी. खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या चकत्या. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत असतील तर कडीत नायलॉनचं बुश आणि ग्रीस. कपाटाच्या दारांना पारदर्शक रबरी ठिपके. टीव्हीचं म्हणाल तर हल्लीच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, म्हणून भिंतीवर टांगलेला टीव्ही भिंतीलाच ऐकवत असतो. तो टेबलावर, भिंतीपासून पाच-सहा इंच पुढे आला तरी फरक पडतो. घरातल्या आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा असेल, तर त्यांच्या खुर्चीशेजारी छोटा ब्लूटूथ स्पीकर किंवा कानावर हेडफोन हा सगळ्यांच्या सोयीचा मार्ग आहे. आजोबांना नीट ऐकू येतं आणि टीव्ही निम्म्यावर येतो. हे सुचवताना घरातल्या सुनेपाशी किंवा मुलापाशी बोलावं, आजोबांना चारचौघांत कानकोंडं करू नये.

भिंतीपुढे दुसरी भिंत

फटी बुजल्या, बोलणं झालं आणि तरीही भिंतभर सारखाच आवाज येत असेल तर शेवटचा आणि खर्चिक उपाय उरतो. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

फोमचे चौकोन, अंड्यांचे ट्रे, जाड पडदे, गालिचा हे सगळं खोलीच्या आतला प्रतिध्वनी शोषतं. रेकॉर्डिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नसतं. साधा पॉलियुरेथेन फोम पेटला तर झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर करतो, तेव्हा झोपायच्या खोलीत तो भिंतभर लावणं मला धोक्याचं वाटतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे भिंतीवर पट्ट्या ठोकून त्यावर पातळ प्लाय, पीव्हीसी पॅनेल किंवा जिप्समचा एकच बोर्ड मारणं. भिंत आणि पॅनेल यांच्यामधली पातळ हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका विशिष्ट स्वराला पॅनेल घुमायला लागतं. चौरस मीटरला १० किलोचा पातळ बोर्ड भिंतीपासून एक सेंटीमीटरवर बसवला तर हा घुमणारा स्वर १९० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे माणसाच्या आवाजाच्या खालच्या पट्टीतच. तेवढ्या पट्टीत आवाज पूर्वीपेक्षा वाढतो. बोर्ड दुहेरी आणि पोकळी सात सेंटीमीटर केली तर तोच स्वर ५० ते ५५ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, जिथे बोलण्यातलं काही येत नाही.

म्हणून काम असं करून घ्या. जुन्या भिंतीपासून २० मिलिमीटर सोडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) चॅनेलचा सुटा सांगाडा उभा करायचा. वरचं आणि खालचं चॅनेल स्लॅबला आणि जमिनीला, मध्ये जाड फोम किंवा रबराची टेप देऊन. जुन्या भिंतीला एकही ब्रॅकेट, एकही स्क्रू नाही, कारण प्रत्येक जोड म्हणजे आवाजाचा पूल. त्यामुळे उंची नऊ फुटांच्या आसपास असेल तर नेहमीचे ५० मिमीचे स्टड (सांगाड्यातले उभे खांब) दोन फुटांऐवजी सव्वा फुटावर घ्या किंवा ७० मिमीचे स्टड वापरा, नाहीतर भिंत डुलते. आत ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनतेचं रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) पूर्ण उंचीभर, कुठेही खाच न ठेवता. रॉकवूलचे तंतू खाजरे असतात, तेव्हा कारागिराला मास्क आणि हातमोजे द्या आणि खोलीतले अंथरूण-कपडे आधी हलवा. त्यावर १२.५ मिमीचे जिप्सम बोर्ड दोन थरांत, पहिल्या थराचे सांधे दुसऱ्याने झाकले जातील असे. बोर्ड चारी कडांना ५ मिमी सुटा ठेवून तिथे सीलंट भरायचं. फॉल्स सीलिंग असेल तर तेवढी पट्टी कापून सांगाडा थेट मूळ स्लॅबपर्यंत न्यायचा, नाहीतर आवाज सीलिंगवरून उडी मारून येतो.

कारागीर तीन ठिकाणी घाई करतो: खालची टेप विसरतो, सांगाडा हलतोय म्हणून भिंतीत एखादा ब्रॅकेट ठोकतो आणि कडांना सीलंटऐवजी पीओपी भरतो. बोर्ड चढवण्याआधी स्वतः उभं राहून बघा, फोटो काढून ठेवा. नव्या भिंतीत स्विचबोर्डसाठी भोक पाडू नका. पुढे शेल्फ टांगायचं असेल तर जागा ठरवून सांगाड्यातच प्लाय बसवून घ्या.

यात खोलीचे सुमारे चार इंच जातात. नीट केलेल्या कामातून मी ८ ते १० डेसिबलचा फरक अपेक्षित धरतो. स्लॅब आणि बाजूच्या भिंती दोन्ही घरांत सलग असल्यामुळे त्यांच्यातून थोडा आवाज येतच राहतो. सबवूफरचा धमधम बास यात फारसा कमी होत नाही.

कुणी विटेची आणखी एक भिंत बांधायचं सुचवलं तर वजन मोजा. दहा बाय नऊ फुटांची चार इंची वीटभिंत गिलाव्यासकट सुमारे दोन टन भरते, वर सांगितलेलं जिप्समचं काम दोनशे-सव्वादोनशे किलोत होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय स्लॅबवर दोन टन टाकायचे नाहीत. मायवानच्या काँक्रीट भिंतीत वायरिंगसाठी झिऱ्या पाडणंही तितकंच चूक, कारण ती भिंतच इमारतीचा भार पेलते. आणि पलीकडे बाथरूम असेल तर आधी एक पावसाळा भिंत कोरडी राहते का ते पाहा. ओल असलेल्या भिंतीपुढे रॉकवूल उभं केलं तर आत बुरशी धरते आणि ते बाहेरून कळत नाही.

वाटणी झालेली जुनी घरं

गावाकडच्या कौलारू घरांत आणि वाड्यांत भावाभावांत वाटण्या होऊन मध्ये भिंत घातलेली असते. ती अनेकदा माणसाच्या डोक्यापेक्षा थोडी वर, आढ्याखालच्या तुळईपर्यंतच असते, वर कौलांखाली सगळं मोकळं. तिथे भिंतीला काहीही लावून उपयोग नाही. भिंत कौलांपर्यंत चढवा, किंवा वजन परवडत नसेल तर वरच्या त्रिकोणात लाकडी चौकट करून दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड आणि आत रॉकवूल भरा. वाशांभोवतीच्या बारीक फटी मॉर्टरने बुजवा. एवढ्या एका कामाने होणारा फरक फ्लॅटमधल्या कुठल्याही उपायापेक्षा मोठा असतो.

सोसायटी आणि कायदा

बोलून भागत नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत तारखा आणि वेळा लिहा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतल्या साऊंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. रात्री उशिरा डीजे किंवा मोठा स्पीकर चालू असेल तर ११२ वर फोन करता येतो. कुकरच्या शिट्ट्या, लहान मुलांचं रडणं, सकाळचा रियाझ यांसाठी मात्र पोलिसांकडे जाऊ नये. तिथे वेळा ठरवून घेणंच बरं.

भाड्याच्या घरात

भिंत फोडता येत नाही, तरी तीन गोष्टी करता येतात. पलंग समाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर, समोरच्या भिंतीला न्या, कारण खालच्या पट्टीतले आवाज भिंतीलगत आणि कोपऱ्यात जास्त जाणवतात. कपड्यांनी किंवा पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट समाईक भिंतीपाशी, पण इंचभर सुटं ठेवा. फरक थोडा पडतो, तोही वरच्या पट्टीतल्या आवाजांत. आणि रात्री पंखा एका अंकाने वाढवा. त्याच्या सलग घरघरीत पलीकडचं पुसट बोलणं झाकलं जातं. घरमालकाची परवानगी काढून बीमखालची चीर आणि स्विचबोर्डाची भोकं बुजवून घेता आली तर यांच्याही आधी ते करा.